निकष मंत्रालयाचा, कॉलर तलाठ्याची

मराठवाड्यात अतिवृष्टीची मदत मिळणार की नाही, हे बऱ्याचदा एका आकड्यावर येऊन अडतं. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. पर्जन्यमापकाने 61 दाखवला तर नाही. यंत्र मंडळातल्या एका गावात बसवलेलं आणि ढग फुटला तो दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्याच शिवारावर, हे तर दर पावसाळ्यात होतं. सोयाबीन पाण्यात उभं, शेंगांना कोंब फुटलेले, बांध वाहून गेलेला. अशा वेळी तलाठी येतो आणि आपलं मंडळ यादीत बसत नाही म्हणून सांगतो. मग मारुतीच्या पारावर जे व्हायचं ते होतं. "आमच्या रानात कंबरेइतकं पाणी व्हतं, अन् तुमचं मशीन कोरडं कसं काय, साहेब?" इथून सुरुवात होते. कुणी त्याच्या गाडीची चावी काढून घेतं, कुणी कॉलर धरतं, कुणी व्हिडिओ काढतं आणि संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरतो.

तो 65 चा आकडा काही त्या तलाठ्याने ठरवलेला नसतो. यंत्र कुठे बसवायचं हेही त्याला कुणी विचारलेलं नसतं. पदाचं नाव बदलून आता ग्राम महसूल अधिकारी झालं, तरी निकषावर त्याची सही लागत नाही. कुणालाच ऐकायची नसलेली गोष्ट त्याने समोर येऊन सांगितली, एवढाच त्याचा गुन्हा.

वाईट बातमी आणणाऱ्यावर भडकणं हा माणसाचा स्वभाव आहे, असं म्हणून आपण हा विषय सोडून देतो. मला ते पटत नाही. आपल्याकडे सरकारी कारभारच या स्वभावाच्या आधाराने चालतो. आनंदाची घोषणा करायला वरचा माणूस येतो, हार घालून घेतो, फलकावर फोटो लावतो. नकार मात्र सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या तोंडून पाठवला जातो. आणि आपण त्या खालच्या माणसाला धरतो, तेव्हा वरच्याला आपणच मोकळं सोडत असतो.

लाडकी बहीण योजनेत हे जितकं उघड दिसलं तितकं क्वचितच कुठे दिसलं असेल. 2024 च्या जुलैत योजना आली. महिन्याला 1500 रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, अशा अटी कागदावर पहिल्यापासून होत्या. अर्ज भरून घेतले अंगणवाडी सेविकांनी, एका अर्जामागे 50 रुपये मोबदल्यावर. तेव्हा अटी कुणी फारशा तपासल्या नाहीत, कारण विधानसभा निवडणूक तोंडावर होती. निवडणूक झाली आणि 2025 च्या सुरुवातीला पडताळणी निघाली. कुणाच्या दारात चारचाकी उभी आहे ते बघून या, असं सांगून पाठवलं कुणाला? त्याच अंगणवाडीताईला. ती त्याच गल्लीत राहते. ज्या बाईचं नाव कटणार, तिचंच लेकरू हिच्या अंगणवाडीत खिचडी खायला येतं, आणि दोघी एकाच नळावर पाणी भरतात. पैसे बंद झाले की "तूच आमचं नाव वर कळवलंस" हे तिला ऐकावं लागतं, वर्षानुवर्षांचं येणं-जाणं तुटतं. पैसे सुरू झाले तेव्हा मात्र "ताई, तुमच्यामुळं मिळाले" असं म्हणणाऱ्या मोजक्याच. त्याचं श्रेय फलकावरच्या फोटोंनी आधीच घेतलेलं होतं.

वाईट निरोप कुणी न्यायचा, हा प्रश्न आपल्या समाजाने फार जुन्या काळी सोडवून टाकला होता, आणि तो कसा सोडवला हे आठवलं की आजचा प्रकार नीट कळतो. गावात मयत झालं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोचवण्याचं काम महारांवर लादलेलं होतं. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, त्याने पायी निघायचं, त्या घरापासून अंतर राखून उभं राहायचं, बाहेरूनच सांगायचं आणि पदरात पडेल ती भाकरी घेऊन परत फिरायचं. अशुभ मानलेलं काम ज्याला नकार देता येत नव्हता त्याच्या माथी मारलेलं होतं, आणि ते काम करतो म्हणून पुन्हा त्यालाच अशुभ ठरवलेलं होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं, ते अशा राबवून घेण्याच्या सगळ्या व्यवस्थेविरुद्ध. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण गावगाड्याची रीत इथे वेगळी नव्हती.

आजचा तलाठी, आशाताई, अंगणवाडी सेविका यांची स्थिती त्या माणसासारखी आहे असं मी म्हणणार नाही. त्या अन्यायाला तोड नाही आणि त्याची बरोबरी लावणं चुकीचं होईल. पण निरोप न्यायला कुणाला पाठवायचं, हे ठरवण्याची आपली पद्धत मुळातून बदललेली नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यालाच पाठवतात. करोनाच्या पहिल्या लाटेत घरोघर जाऊन कोण आजारी आहे, कोण पुण्या-मुंबईहून आलंय हे विचारायला आशाताई गेल्या. दारावर विलगीकरणाचा कागद चिकटला की शिव्या त्यांनाच पडायच्या. तालुक्याच्या सेवा केंद्रात "काका, आधार लिंक नाही म्हणून पैसे परत गेलेत" असं सांगणारं विशी-बाविशीतलं पोरगं असतं. त्याच्या समोरच्या पडद्यावर जे येतं त्यातलं एक अक्षरही त्याच्या हातात नसतं, आणि त्याचा टेबल बडवला जातो.

कुणी म्हणेल, चार शिव्या खाल्ल्याने काय होतं, पगार घेतात ना? यातलं नुकसान त्या कर्मचाऱ्याच्या मानापमानावर थांबत नाही. मार पडतो म्हटल्यावर माणूस खरं सांगायचं बंद करतो, आणि शेतकऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती खऱ्या आकड्याची.

पीक कापणी प्रयोगाचंच घ्या. 2025 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला पीक विमा बंद झाला आणि भरपाई मुख्यतः या प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पन्नावर ठरायला लागली. प्रयोग म्हणजे काय? निवडलेल्या शेतात दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा तुकडा दोरी लावून आखायचा, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. तुकडा कुठला घ्यायचा हे अंदाजपंचे ठरवायचं नसतं, त्यासाठी यादृच्छिक आकड्यांची रीत असते. दोरी कृषी सहायकाच्या हातात असते. एका बाजूला विमा कंपनीचा प्रतिनिधी, त्याची नजर भरघोस पिकाच्या पट्ट्यावर. दुसऱ्या बाजूला गावकरी, ते म्हणतात तिकडं चिभडलेल्या कोपऱ्यात दोरी लावा, खरं नुकसान तिकडंच आहे. दोघांनाही आपलं खरं वाटतं. त्या पन्नास चौरस मीटरच्या तुकड्यातून निघालेलं वजन इतर मोजक्या तुकड्यांच्या वजनात मिसळतं आणि अख्ख्या मंडळाचं भवितव्य ठरतं. उन्हात दोरी धरून उभा असलेला तो सहायक या वेळी कुणाला भितो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. गावाला भ्यायला तर आकडा खाली येईल, आणि कंपनी त्यावर हरकत घेऊन भरपाई वर्षभर लोंबकळत ठेवेल. कंपनीला किंवा वरच्या साहेबाला भ्यायला तर आकडा वर जाईल आणि गाव उपाशी राहील. गावाच्या हिताचा आकडा एकच, वजनकाट्यावर दिसलेला. तो लिहिण्याची हिंमत त्याच्यात राहावी असं आपण वागतो का?

पैसेवारीचं, म्हणजे गावाच्या पिकाच्या सरकारी अंदाजाचंही तेच. 50 पैशांच्या खाली गेली तर सवलती, वर राहिली तर काही नाही. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम, असा तो आकडा पायऱ्या चढत जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीपर्यंत जातो. गावाच्या शिवारात उभं राहून ज्याने पहिला अंदाज लिहिला, त्याला शेवटचा आकडा का बदलला हे कुणी कळवत नाही. पण तो का बदलला, याचं उत्तर गाव त्याच्याकडेच मागतं.

मराठवाड्यात सांगणाऱ्याला गप्प करायचा आणखी एक मार्ग आहे. अमुक माणूस जिल्ह्याची बदनामी करतोय, असं म्हणायचं. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी. 2001 मध्ये त्या 894 होत्या. दहा वर्षांत हजारामागे 87 मुली कमी झाल्या होत्या, आणि तरीही आकडा बोलणाऱ्याला "आमच्या जिल्ह्याला बदनाम करता" हे ऐकवणारे कमी नव्हते. 2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न बाहेर आला. कोयता थांबला की दंड बसतो, म्हणून पाळीची कटकट नको, म्हणून तिशीच्या आत-बाहेर पिशवीच काढून टाकायची, असं बायका सांगत होत्या. तेव्हाही पहिली तक्रार बदनामीचीच झाली. पण सांगणारे गप्प बसले नाहीत, म्हणून नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची समिती नेमली गेली. 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13 हजारांवर जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या सगळ्यामुळे निदान प्रश्न कागदावर आला, आणि खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी सरकारी परवानगीची अट घालावी लागली. बदनामी त्या आकड्याने केली, की तो आकडा तयार होईपर्यंत गप्प बसलेल्यांनी?

माझ्या म्हणण्यावर सर्वांत जोरदार आक्षेप नांदेडवरून घेतला जाईल, म्हणून तो टाळत नाही. 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या 24 तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. लोकांचा संताप योग्य होता, आणि रुग्णालयाचा प्रमुख हा काही नुसता निरोप्या नव्हे, त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण दोन दिवसांनी एक खासदार तिथे गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. चित्रफीत देशभर गेली, पुढे खासदारांवर गुन्हाही नोंदला गेला. त्या चित्रफितीने काय साधलं? परिसरातल्या तीन-चार जिल्ह्यांतून आणि तेलंगणातून अत्यवस्थ रुग्ण याच एका रुग्णालयात का येतात, औषध खरेदी कुठे अडते, किती पदं रिकामी आहेत, हे सगळे प्रश्न त्या एका दृश्याखाली गाडले गेले. ज्यांच्याकडे या प्रश्नांची उत्तरं होती ते मुंबईत होते, आणि चर्चा संडासाची चालू होती. यापुढे एखाद्या रुग्णालयात एका रात्रीत मृत्यू वाढले, तर तिथला अधिष्ठाता तो आकडा स्वतःहून पुढे ठेवेल की दोन-तीन दिवसांत विभागून दाखवेल?

वॉर्डातल्या निवासी डॉक्टरची गोष्ट याहून बिकट. रात्री दोनला आत गेलेला माणूस पहाटे दगावतो, आणि ते बाहेर येऊन नातेवाइकांना सांगायचं काम सर्वांत कनिष्ठ डॉक्टरवर येतं. कसं सांगायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. बसायला खुर्ची नाही, वेगळी खोली नाही, सोबत वरिष्ठ नाही, जिन्यातच "पेशंट गेला" म्हणून मोकळं व्हायचं. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, 50 हजारांपर्यंत दंड आहे. कायदा असूनही हल्ले थांबले नाहीत, कारण ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला त्या क्षणी कलम आठवत नाही. ही बातमी वरिष्ठाने, बसवून, पाणी देऊन, आधीपासून तब्येतीची कल्पना देत सांगितली असती तर बराच फरक पडला असता. त्याला कायदा लागत नाही, खर्चही फारसा लागत नाही.

सगळेच सांगणारे निर्दोष असतात असं मात्र नाही. 2017 मध्ये हवामान खात्याने एप्रिलमध्ये देशात सरासरीच्या 96 टक्के आणि जूनमध्ये 98 टक्के पावसाचा अंदाज दिला. त्या भरवशावर पेरण्या झाल्या आणि पुढे मराठवाड्यात पावसाने ओढ दिली. दुबार पेरणीचं संकट आलं, तेव्हा माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रूड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्धच तक्रार दिली. बियाणं आणि औषध कंपन्यांशी संगनमत झाल्याचा त्यांचा आरोप होता. संगनमताचा आरोप मला पटत नाही, पण त्यांचा राग मी समजू शकतो. देशभराची सरासरी माजलगावच्या शिवाराला लागू होत नाही, हे बातमी देणाऱ्यांनी ठणकावून सांगायला हवं होतं. 98 टक्के म्हटलं की शेतकरी ते आपल्या बांधापुरतं ऐकतो, त्यात त्याची चूक नाही. बातमी अर्धवट सांगणं, कळूनही उशिरा सांगणं, गोड करून सांगणं, हा सांगणाऱ्याचा दोष आहे आणि तो त्याच्या पदरात घातलाच पाहिजे. गोड करून सांगण्याची सवय लागते ती कडू सांगितल्यावर मार बसतो म्हणून, एवढंच इथे लक्षात ठेवावं.

उशिरा सांगण्याची किंमत लातूरने मोजली. मांजरा प्रकल्पात किती पाणी आलं, पावसाळा किती झाला, निरीक्षण विहिरींची पातळी कुठे आहे, हे 2015 चा पावसाळा संपला तेव्हाच सरकारदरबारी नोंदलेलं होतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा अशा विहिरी वर्षातून चारदा मोजते, आणि पावसाळ्यानंतरच्या मोजणीवरून पुढच्या उन्हाळ्यातली टंचाई सांगता येते. तरी मार्च 2016 मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. रेल्वेचं स्वागत झालं, फोटो निघाले. पाणी पुरणार नाही हे आधी सांगणाऱ्यांची आठवण कुणी काढली नाही. या पट्ट्यात ऊस थांबवा म्हणणाऱ्याला तर आजही शेतकऱ्यांचा वैरी ठरवतात. विभागीय आयुक्त कार्यालयाने तशी शिफारस सरकारला पाठवली, तरी कुठल्या पक्षाने ती उघडपणे हातात घेतली? शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ठरलेला भाव मिळण्याची थोडीफार हमी असलेलं पीक त्याच्यापुढे तेवढंच आहे, आणि ते लावू नको म्हणणाऱ्याने दुसरं काय लावू हेही सांगायला हवं. पण पाणी नाही हे खरं आहे, आणि ते बोलणाऱ्याला हाकलून विहिरीत पाणी येत नाही.

मग करायचं काय? नकार देणाऱ्या प्रत्येक कागदावर निर्णय कुणाचा, कुठल्या शासन निर्णयाने, आणि दाद कुठे मागायची, हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात हवं. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांपुरतं कारणासह नकार कळवण्याचं आणि अपिलाचं बंधन घातलेलंच आहे. ते नुकसानभरपाईला, विम्याला, अनुदानाच्या योजनांना का लागू करत नाहीत? ज्या मंडळात पाऊस निकषाच्या काठावर अडकला, तिथे तहसीलदाराने, आणि मोठ्या नुकसानीत जिल्हाधिकाऱ्यांनी, यंत्राची नोंदवही घेऊन ग्रामसभेत यावं. शिव्या खायच्या असतील तर त्यांनी खाव्यात, त्यांना वरपर्यंत बोलता येतं. ज्या मंत्र्याने योजना जाहीर केली, त्याच्याच नावाने वगळल्याचं पत्र जावं. अंगणवाडीताईला शेजारणीची चारचाकी मोजायला पाठवणं तर ताबडतोब बंद व्हावं. परिवहन खात्याकडे वाहनांची नोंद आहे, ती बघा.

आणि गावाने? पुढच्या वेळी मंडळाचा पाऊस 61 निघाला तर पारावर तलाठ्याला घेरण्याऐवजी त्याला आत ग्रामपंचायतीत बसवावं, मागच्या पाच पावसाळ्यांच्या नोंदी मागाव्यात, कुठल्या दिवशी कुठल्या शिवारात किती नुकसान झालं आणि यंत्रात काय दिसलं ते शेजारी शेजारी लिहावं, आणि आमच्या गावात वेगळं पर्जन्यमापक बसवा असा ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आमदाराकडे एकाच दिवशी पाठवावा. त्या ठरावाला लागणारी निम्मी माहिती तलाठ्याच्या दप्तरात असते. हे यंत्र चुकीच्या जागी आहे, असं त्याचंही बऱ्याचदा मत असतं. त्याला ते कुणी विचारत नाही.